पाळकसाहेबांना काय पाहिजे होतं?

रविवारी उपासना सुरू झाली की आमचे पाळकसाहेब चर्चच्या पायरीवर उकिडवे बसून लोकांच्या चपला सरळ करत. आत पेटी वाजत असायची, पहिलं गीत चाललेलं असायचं, आणि ज्या माणसानं वेदीजवळ उभं राहायचं तो बाहेर एकेक जोड हातानं उचलून, टोकं रस्त्याकडे करून, ओळीत लावत असायचा. म्हाताऱ्यांच्या चपला कठड्याजवळ, म्हणजे आधार धरून पाय घालता यावा. तरुणांच्या लांब, चिंचेखाली. मग दाराजवळच्या माठातलं पाणी घेऊन हात धुवायचे, शर्टालाच पुसायचे, आणि आत येऊन तेच हात वर करून मंडळीला आशीर्वाद द्यायचे.

पहिल्या रविवारी हे पाहून मी शीलाला, म्हणजे माझ्या बायकोला, हळूच म्हटलं, "हा माणूस हजेरी घेऊन राह्यला."

"चपलांची?"

"चपलांवरून माणसांची. कोण आलं, कोण नाही, कोणाच्या घरचे किती आले. आत उभं राहून मोजलं तर दिसते. बाहेर बसून मोजलं तर सेवा होते."

शीला म्हणाली, "तुमचं आपलं कायतरीच."

माझं कायतरीच नव्हतं. आर्वी आगारात मी आयुष्यभर कंडक्टर होतो. झोपेचं सोंग घेतलेला प्रवासी मला पाठीवरून ओळखू येतो. जो स्वतःहून पुढे होऊन दुसऱ्याचं सामान वर ठेवून देतो, त्याच्याकडे तिकीट आहे का, हे मी आधी विचारत असे. बऱ्याच वेळा नसायचंच. निवृत्त होताना तिकिटाची पेटी आगारात जमा केली, पण ही नजर काही जमा करता येत नाही.

शिवाय संशय घ्यायला आमच्या मंडळीला कारण होतं. आमचं मिशन कंपाउंड आगाराच्या रस्त्याला लागून आहे. कवेलूंचं, म्हणजे कौलांचं, जुनं चर्च, विहीर, दोन-तीन क्वार्टर आणि बाकी मोकळी जागा. अशा जागेवर साऱ्या गावाचा डोळा असतो. आधीचे पाळक बोलायला फार गोड होते. लहान पोरालाही अहो-जाहो करायचे. आणि एके दिवशी दुपारी ते आणि वर्ध्याचा एक बिल्डर टेप धरून विहिरीपासून भिंतीपर्यंत जमीन मोजताना सापडले. गाळे काढायचे होते म्हणे, मंडळीच्या भल्यासाठी. बरीच आरडाओरड झाली, पाळक गेले, जागा वाचली. पण तेव्हापासून आर्वीची मंडळी गोड माणसाला घाबरते.

आणि त्यानंतर हे आले. यवतमाळकडच्या कुठल्याशा खेड्यातले, पंचेचाळिशीचे, काळेसावळे, जरा वाकून चालणारे. एसटीतून उतरले ते खांद्यावर वळकटी घेऊन. आणि आल्याच्या दुसऱ्या आठवड्यात कंपाउंडसमोरच्या नालीत उतरले.

समोर आमच्या शेठचं दुकान आहे, कापूस आणि सोयाबीनचा व्यापार. शेठ माझे जुने मित्र. त्यांनी मला हाक मारून बोलावलं.

"दानिएलभाऊ, तुमचा पाद्री नालीत काऊन उतरला?"

मी पाहिलं. पाळकसाहेब गुडघाभर चिखलात उभे राहून फावड्यानं प्लास्टिक काढत होते.

"मले काय माहीत, शेठ."

"नगरपरिषदेले उभा राहून राह्यला का?"

"पाळकाला उभं राहता येत नाही."

"मंग गल्ली बाटवाचा विचार हाय का?" शेठ हसत म्हणाले, पण प्रश्न हसण्यातला नव्हता. नाली साफ केली म्हणून कोणी धर्म बदलत नाही, हे शेठलाही कळत होतं. पण दुकानात बसणाऱ्या चार लोकांनी तो विषय आधीच काढलेला असणार. शेठनं नोकराच्या हाती नालीपाशी चहा पाठवला आणि लांबून बघत राहिले, की हा चहा घेताना काही बोलतो का. पाळकसाहेबांनी चहा घेतला, ग्लास नळाखाली धुऊन परत दिला, आणि पुन्हा फावडं उचललं.

संध्याकाळी मी त्यांना सरळ विचारलं, "साहेब, नालीचं काय काढलं?"

"वास येऊन राह्यलता जी."

एवढंच. त्यांची उत्तरं नेहमी अशी असत. विचारणाऱ्याच्या हाताला काहीच लागत नसे. एखादा माणूस भरभरून बोलला की त्यातून कुठेतरी खोटं निसटतं, ते पकडता येतं. हे गृहस्थ पकडायला जागाच ठेवत नसत, आणि त्यामुळे माझा संशय वाढत असे.

आमच्या मंडळीचा कारभार पंच पाहतात. त्यांत मुख्य म्हणजे हेडमास्तर. शाळेतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी सगळे त्यांना हेडमास्तरच म्हणतात, आणि तेही सगळ्यांना विद्यार्थीच समजतात. पंचांच्या सभेत पाळकासाठी एक हाताची खुर्ची ठेवलेली असे. पहिल्या सभेला साहेब त्या खुर्चीकडे गेलेच नाहीत. दाराजवळच्या स्टुलावर बसले. मध्येच उठून आत गेले आणि चहा करून घेऊन आले. हेडमास्तर म्हणाले, "साहेब, आपली जागा इकडे आहे."

"राहू द्या जी. त्या खुर्चीत बसलो का मले वाटते, मी म्हनतो तेच बरोबर."

सगळे हसले. बाहेर पडल्यावर हेडमास्तरांनी मला बाजूला घेतलं. "दानिएल, लक्षात ठेव. जो खुर्ची सोडतो, त्याला निर्णयाची जबाबदारी नको असते. उद्या काही झालं की हा म्हणेल, पंचांनी ठरवलं, मी चहा करत होतो."

मला ते पटलं. हेडमास्तर माझ्याहून हुशार संशयी आहेत.

मग भाषेचा प्रश्न निघाला. पाळकसाहेब वेदीवरूनही घरच्यासारखंच बोलत. 'मले', 'तुमाले', 'काऊन'. हेडमास्तरांना ते सोसवेना. त्यांनी सांगितलं, "साहेब, उपदेश प्रमाण भाषेत असावा. पवित्र जागा आहे." साहेबांनी मान डोलावली. पुढच्या रविवारी त्यांनी शुद्ध मराठीत सुरुवात केली, चार वाक्यं नीट गेली, आणि पाचव्यात असे अडकले की पुढे सरकेनात. आम्ही खाली माना घातल्या. साहेब घाम पुसत हसले आणि म्हणाले, "मास्तर, पुढचं तुमीच सांगा न. तुमाले चांगलं येते."

हेडमास्तर उठले. खरंच उठले, आणि तिथून पुढे अर्धा तास असे बोलले की शीलानं डोळे टिपले. त्यानंतर पंधरा दिवस ते खुशीत होते. मग एका सकाळी माझ्या दाराशी आले, बसले नाहीत, उभ्यानंच म्हणाले, "दानिएल, तो खरंच अडकला होता का रे?"



गुड फ्रायडेच्या आदल्या गुरुवारी आमच्याकडे पाय धुण्याचा विधी असतो. प्रभूनं शिष्यांचे पाय धुतले त्याची आठवण म्हणून पाळक पंचांचे पाय धुतात. त्या संध्याकाळी आम्ही घरूनच पाय घासून येतो. हेडमास्तर तर नखं कापून, टाचांना तेल लावून येतात, कारण मंडळीच्या डोळ्यांसमोर पाय पुढे करायचा असतो. आम्ही ओळीत बसलो. परात तयार, टॉवेल तयार. पाळकसाहेब आले, आमच्या पायांकडे पाहिलं, आणि म्हणाले, "तुमचे पाय तं स्वच्छच हायेत. त्याईले काय धुवाचं?"

विधी झालाच नाही. प्रार्थना केली आणि सगळ्यांना घरी पाठवलं. मंडळीत खूप कुजबुज झाली. कोणी म्हणालं, गर्विष्ठ आहे, वाकायला नको त्याला. कोणी म्हणालं, नवीन पंथाचा दिसतो. आणि मी दुसरीकडेच पाहत होतो. परातीतलं न वापरलेलं कोमट पाणी आणि तो टॉवेल घेऊन साहेब मागच्या दारानं बाहेर पडले होते, आणि मार्थाबाईच्या घराकडे वळले होते.

आता मार्थाबाई. आमच्या कंपाउंडच्या भिंतीला लागूनच त्यांचं घर. पुढचं अंगण थेट रस्त्याला. तरुणपणी त्या मिशनच्या दवाखान्यात आया होत्या. नवरा लवकर गेला, मूल नाही. तोंड असं की माणसं रस्ता बदलून जात. माझ्यावर तर त्यांनी भर चर्चमध्ये आरोप केला होता की आगारातल्या कंडक्टरांना देवाची भीती नसते. त्यांना साखरेचा आजार होता, आणि त्या वर्षी टाचेला जखम झाली ती चिघळली. डॉक्टर म्हणाले, पाय काढावा लागेल. बाई म्हणाल्या, मग मीच निघते. शेवटी ठरलं की रोज जखम धुऊन पट्टी बदलायची आणि काय होतं ते पाहायचं. रोज कोण करणार? शेजारच्या एका बाईनं दोन दिवस केलं. मग ती म्हणाली, वास सोसत नाही.

तेव्हापासून पाळकसाहेब रोज सकाळी जात होते. कोणाला न सांगता. आणि मला त्या गुरुवारी परात पाहून पहिल्यांदा सगळा हिशेब लागल्यासारखं वाटलं. घर रस्त्याला. भिंत कंपाउंडला लागून. बाई एकट्या. मागच्या पाळकानं टेप धरून मोजलं ते या पाळकानं पट्टी बांधून मिळवायचं ठरवलेलं दिसतं.

दुसऱ्या आठवड्यात मी मुद्दाम सकाळी, पट्टीच्या वेळेला, बाईंकडे गेलो. समाचाराला आलो म्हणालो. बाई खाटेवर होत्या, पाय पुढे. साहेब जमिनीवर बसलेले.

बाई मला पाहून म्हणाल्या, "आला का हा तिकीट तपासाले!" मग साहेबांकडे वळून, रोजचाच असावा असा प्रश्न विचारला, "काय पाह्यजे तुले? घर पाह्यजे का माहं?"

"नाई बाई. पाय इकडे करा."

"लिहून देनार नाई मी काई."

"नका देऊ. जरासाक वर करा."

पट्टी सुटली, आणि तो वास आला. मी आयुष्यभर एसटीत राहिलेला माणूस. उलट्या, घाम, कोंबड्या, सगळं पाहिलेलं. तरी मी दारात सरकलो. साहेबांनी सलाईनच्या पाण्यानं जखम धुतली, गॉज ठेवला, नवी पट्टी गुंडाळली. बाई सारखं ओरडत होत्या, "हळू! मुर्दा हाय का मी?" सगळं झाल्यावर ते घाण झालेली पट्टी घेऊन मागच्या अंगणात गेले. मी त्यांच्या मागे गेलो. आता मला काहीतरी सापडेल असं वाटत होतं.

मागे पेरूच्या झाडाखाली साहेब भिंतीला हात टेकून ओकत होते. चहासुद्धा राहिला नसेल पोटात. ओकून झालं, नळावर चूळ भरली, तोंडावर पाणी मारलं, आणि वळले तेव्हा मी दिसलो. दचकले.

"दानिएलभाऊ, कोनाले सांगू नका जी."

"रोज होते असं?"

"रोज नाई. मंगळवारी नाई झालं." मग शर्टानं तोंड पुसत म्हणाले, "बाईले समजलं तं वाईट वाटन." आणि आत जाऊन बाईंना मोठ्यानं विचारलं, "चहा ठेवू का बाई? तुमी घेता का अर्धा?"

मी घरी आलो. शीलानं विचारलं, काय सापडलं? मी म्हटलं, काही नाही. ढोंग करणारा माणूस लोकांसमोर ओकतो, झाडामागे नाही, एवढं मला कळत होतं. पण घर रस्त्याला होतं हेही खरंच होतं. एका गोष्टीनं दुसरी खोडली जात नव्हती.

पावसाळा संपता संपता नागपूरहून बाईंच्या भावाचा मुलगा आला. इतकी वर्षं आत्याचं घर त्याला आठवलं नव्हतं. आता कोणीतरी त्याला फोन करून सांगितलं होतं की पाळक रोज आत जातो. कोणी सांगितलं ते कधी कळलं नाही. मी नाही. हेडमास्तरही शपथेवर नाही म्हणतात. त्यानं शेठच्या दुकानासमोर उभं राहून गल्लीला ऐकू जाईल असा तमाशा केला. "म्हाताऱ्या बाईले फुसलावून घर हडपून राह्यले! मी ठाण्यात जातो! पेपरात देतो!" दुकानात बसलेल्यांना हवं ते मिळालं. शेठ मला म्हणाले, "भाऊ, मी म्हटलंच होतं." काय म्हटलं होतं ते त्यांनाही आठवत नसणार, पण त्या दिवशी सगळ्यांनीच काही ना काही आधी म्हटलेलं होतं.

पंचांची सभा बसली. भाच्याला शांत करायचं, मंडळीची बदनामी थांबवायची, तर एकच उपाय दिसत होता. हेडमास्तरांनी तो प्रमाण भाषेत मांडला. "पाळकसाहेबांनी यापुढे मार्थाबाईंच्या घरी पाऊल ठेवू नये, असा पंचांचा निर्णय आहे."

आम्ही साहेबांकडे पाहिलं. ते स्टुलावर बसले होते. मला वाटलं, आता हा माणूस बोलेल. माझ्याकडे पाहील. मी साक्षीदार होतो. एक शब्द मागितला असता तर मला बोलावंच लागलं असतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"बरं जी," ते म्हणाले. "पंचाईनं ठरवलं तं मी जात नाई."

हेडमास्तर जरा गोंधळले. त्यांनी वादाची तयारी करून आणली होती.

"फक्त एक विचारतो," साहेब म्हणाले. "उद्या सकाळी पट्टी कोन बदलवनार?"

बाहेर आगारात गाडी लागल्याची घोषणा झाली, तीही पूर्ण ऐकू आली. साहेब वाट पाहत होते. रागानं नाही, टोमण्यानं नाही. खरंच उत्तर पाहिजे असल्यासारखे. मग हेडमास्तर म्हणाले, "आपण परिचारिकेची व्यवस्था करू." साहेब म्हणाले, "करा जी. पन उद्याच्याले?"

आणि मला माझाच आवाज ऐकू आला, "उद्या मी जातो."

का म्हणालो, ते अजून सांगता येत नाही. भाच्याचा राग आला होता हे एक. दुसरं म्हणजे ती शांतता. भरलेल्या गाडीत एखादी म्हातारी उभी असते आणि सगळे खिडकीबाहेर पाहतात, तशी ती शांतता होती. अशा वेळी कोणाला तरी उठवायचं काम आयुष्यभर मीच केलं होतं.

सभा सुटल्यावर साहेब मला क्वार्टरवर घेऊन गेले. "दाखवतो जी, सोपं हाय. बसा." त्यांनी मला खाटेवर बसवलं, स्वतः खाली बसले, आणि माझा पाय मांडीवर घेतला. मी मागे ओढला. "अजी, असू द्या, दुसरा पाय कुठून आनू?" त्यांनी माझी टाच धुतली. कुठून पाणी सोडायचं, कुठे दाबायचं नाही, पट्टी कितपत आवळायची, सगळं माझ्या धडधाकट पायावर करून दाखवलं. दिवसभराचा धुळीतला पाय होता माझा. मी छताकडे पाहत बसलो.

दुसऱ्या सकाळी बाई मला पाहून म्हणाल्या, "आता तुले घर पाह्यजे का?"

परिचारिका काही मिळाली नाही. एकीनं येऊन पाहिलं, बाईंच्या शिव्या ऐकल्या, आणि ती परत आली नाही. मग आठवड्यातले काही दिवस मी आणि काही दिवस शीला, असं सुरू झालं. हेडमास्तर 'देखरेख' करायला येऊ लागले. पहिल्या दिवशी ते नाकाला अत्तर लावलेला रुमाल बांधून आले. बाई म्हणाल्या, "मास्तर, वरातीत चालले का?" ते दारात उभे राहून वचनं वाचायचे, मी पट्टी करायचो. एकदा मला ताप आला, शीला माहेरी गेलेली होती. हेडमास्तर एकटेच गेले. काय झालं ते कोणी पाहिलं नाही. मी नंतर विचारलं तर म्हणाले, "झालं ते." आणि बाईंच्या ओट्यावर बराच वेळ रुमाल हातात धरून बसलेलं त्यांना शेठनं पाहिलं, एवढंच कळलं.

पाळकसाहेब मात्र बाईंच्या दारापुढून जातानासुद्धा रस्त्याच्या पलीकडून जात. पंचांनी पाऊल ठेवू नका म्हटलं तर त्यांनी सावलीही पडू दिली नाही. बाई खिडकीतून ओरडायच्या, "काऊन रे, घर भेटत नाई म्हनून सोडलं का मले?" ते नुसते हात जोडायचे.

त्या काळात माझ्या डोक्यात एक नवाच संशय बसला. आधी अडकून हेडमास्तरांना बोलायला लावलं. मग बंदी मान्य करून आम्हाला पट्टी करायला लावलं. हा माणूस भोळा नाही. यानं आम्हा सगळ्यांना कामाला जुंपलं, आणि तेही असं की आपणच ठरवलं असं आम्हाला वाटावं. मी हेडमास्तरांना हे बोलून दाखवलं. ते म्हणाले, "मलाही तेच वाटतं. पण तक्रार कशाची करायची?"

तक्रार भाच्यानं केली होती, चर्चच्या वरच्या कचेरीत. चौकशी करण्यापेक्षा बदली करणं सोपं असतं. मार्चमध्ये हुकूम आला. आम्ही पंचांनी सह्या करून कळवलं की आमची काही तक्रार नाही, पण हुकूम निघालेला होता. निरोपाचा कार्यक्रम ठेवायचा म्हणून हेडमास्तरांनी भाषण लिहायला घेतलं. साहेबांनी हात जोडून नको म्हटलं, आणि ठरल्या दिवसाच्या दोन दिवस आधीच निघाले.

आगारात त्यांना सोडायला मी एकटाच होतो. माझ्या ओळखीचा कंडक्टर होता, खिडकीची जागा मिळवून दिली. गाडी सुटायला वेळ होता. मी खिडकीखाली उभा राहून शेवटी विचारलंच.

"साहेब, आता तरी सांगा. आम्ही तुम्हाला बाईंकडे जायला मनाई करावी, हे तुमच्या मनात आधीपासून होतं का? आम्ही जावं म्हणून?"

ते हसले, पण ते हसणं नेहमीचं नव्हतं.

"दानिएलभाऊ, तुमी मले लय हुशार समजता जी." त्यांनी खिडकीच्या गजाला धरलं. "खरं सांगू का? पंच म्हनले, जाऊ नका, तवा मले सुटल्यासारखं झालं. त्या दिवशी घरी जाऊन मी पोटभर जेवलो. कितीक दिवसानं जेवलो. मंग झोप नाई आली. मनात आलं, देवानं सोडवलं का मीच सोडलं? तुमी जाऊन राह्यले, मास्तर जाऊन राह्यले, आनि मी पलीकडच्या बाजूनं चालून राह्यलो. ते ऐकनं होतं पंचाईचं, का भेनं होतं, ते मले अजून समजलं नाई."

आयुष्यात इतक्या लोकांना मी खरं बोलायला लावलं होतं, पण न मागता कोणी असं स्वतःचं तिकीट काढून हातात दिलं नव्हतं. कंडक्टरनं घंटी दिली. साहेब म्हणाले, "येतो जी. बाईले सांगजा." काय सांगायचं ते गाडीच्या आवाजात गेलं.

बाई त्यानंतर दोन वर्षं जगल्या. टाच कोरडी झाली, काठी धरून अंगणात येऊ लागल्या, आणि एका दुपारी बसल्या जागी हृदयविकारानं गेल्या. घर भाच्याला गेलं. तिथे आता मोबाइलचं दुकान आहे. नवे पाळक चांगले आहेत. शेठ त्यांच्यावरही लक्ष ठेवून असतात. हेडमास्तर आणि मी भेटलो की अजून कधी कधी वाद घालतो, तो माणूस साधा होता की आम्हाला पुरून उरला. दोघांचंही मत दर वेळी बदलतं.

पण मला सांगायचं आहे ते साहेब गेले त्याच दिवसाचं. आगारातून मी तसाच बाईंकडे गेलो. सकाळची पट्टी राहिली होती.

"गेला का थो?" बाईंनी विचारलं.

"गेले."

"काई घेऊन गेला का?"

"एक वळकटी आणि एक पिशवी."

"पिशवीत काय होतं?"

"कपडे असतील, बाई."

"असतीन," बाई म्हणाल्या. मी खाली बसलो, पट्टी सोडली, पाणी सोडलं. गॉज चिकटला होता, तो जरा ओढला गेला. बाई नेहमीसारख्या ओरडल्या नाहीत. खिडकीकडे पाहत होत्या. मग म्हणाल्या, "तू जोरानं ओढतं रे. मास्तरही जोरानं ओढते. त्याचा हात हलका होता."

आर्वीत पाळकसाहेबांच्या निरोपाचं भाषण झालं ते एवढंच. ऐकायला मी एकटा होतो.